शेवटची वीस सेकंदं

वेंगुर्ल्यात मंगेशला सगळे 'कासवांचा मंगेश' म्हणत. काजूची बाग सांभाळून गेली बारा वर्षं तो किनाऱ्यावरची कासवांची घरटी राखत होता. अंड्यांभोवती जाळी लावायची, कुत्री हाकलायची, पिल्लं समुद्राकडे निघाली की बघ्यांना दोरीपलीकडे थोपवायचं. कुणी हात पुढे केलाच, तर मंगेश त्याला चारचौघांत असा झाडायचा की त्या माणसाची मान वर होत नसे.

गेल्या सप्टेंबरात तो आणि अरशद लडाखला गेले. अरशदचा बंदरावर मासळीचा व्यापार. दोघं शाळेपासूनचे मित्र. अरशदच्याच गाडीने निघून सहाव्या दिवशी त्यांनी मनाली मागे टाकली. केलाँगच्या पुढे पहिली हिमनदी दिसली. मंगेशच्या मनात ती पांढरीशुभ्र होती. प्रत्यक्षात दोन शिखरांच्या मधून ती राखाडी, दगडगोटे अंगावर घेऊन उतरली होती आणि फक्त चिरांमध्ये निळी होती. अरशद बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ही पण न्हंयच. आमची नदी धावता, ही रांगता."

वाटेत एक कुटुंब गुबगुबीत मार्मोटांना, बिळांत राहणाऱ्या त्या डोंगरी खारींना, बिस्किटं घालत होतं. मंगेशने खाली उतरून त्यांनाही समज दिली.

दुसऱ्या दिवशी मोरे मैदान लागलं. दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये मैलोगणती सपाटी. गाडी मंगेश चालवत होता, त्याचा मोबाइल समोरच्या काचेशी अडकवलेला होता. उजव्या हाताला कियांग दिसले, तपकिरी पाठीची, पांढऱ्या पोटाची रानगाढवं. दहा-बारा असतील, त्यांत एक शिंगरू. मंगेशने मोबाइलवर चित्रण सुरू केलं आणि काय झालं कोण जाणे, गाडी रस्त्यावरून खाली घातली.

कळप उधळला. मंगेशने वेग वाढवला. अरशद म्हणाला, "थांबव." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मंगेश, थांबव रे." मंगेशला ऐकू येत होतं. पण ती धावती जनावरं, मागे बर्फाचे डोंगर, असं दृश्य आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हतं. शिंगरू मागे पडलं, एका कोरड्या ओहोळात त्याचा पाय गेला आणि ते कोलमडलं.

तेव्हा कुठे त्याने ब्रेक लावला. शिंगरू उठलं, पण पुढचा एक पाय त्याला टेकवेना. लांबवर एक मादी थांबून वळून बघत होती. गाडी होती तोवर ती जवळ येईना. अरशद हळूच म्हणाला, "चल हयसून. तिका येवक दी." मंगेशने गाडी वळवली. मागे बघायची त्याची छाती झाली नाही.

लेहला पोचल्यावर त्याने व्हिडिओची शेवटची वीस सेकंदं कापली, आवाज काढून टाकला आणि उरलेला भाग गावच्या ग्रुपवर टाकला. अरशदने तो पाहिला, मोबाइल उलटा ठेवला आणि जेवला.

गावात वाहवा झाली, व्हिडिओ बाहेरगावीही पोचला. शाळेने मंगेशचं व्याख्यान ठेवलं, पडद्यावर कियांग धावले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. शाल अंगावर पडताच त्याने ती काढून हातावर घेतली. घरी आल्यावर ती शाल त्याने कपाटात खाली दडपली. बायकोने, दिव्याने विचारलं, तर उकाडा होता म्हणाला.

मार्चमधल्या एका सकाळी पिल्लं बाहेर पडली. एका पाहुण्याने दोरी ओलांडून एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि फोटोसाठी मुलीला जवळ बोलावलं. मंगेश तरातरा गेला. त्याला पाहताच तो माणूस ओशाळला, पिल्लू खाली ठेवून हात जोडून म्हणाला, "चुकलं माझं. तुमचा तो लडाखचा व्हिडिओ बघूनच आम्ही आलोय हो. असं प्रेम आम्हाला कुठून असणार?"

मंगेशने मोबाइल काढला, न कापलेला व्हिडिओ लावला आणि त्या माणसाच्या हातात दिला. "मी त्यांना पळवत होतो," तो म्हणाला. "हे मी कुणाला दाखवलं नाही."

भोवती माणसं गोळा झाली. दिव्याही आली. व्हिडिओत अरशदचा आवाज दोनदा आला. त्या माणसाने मोबाइल परत दिला आणि मुलीला घेऊन निघून गेला. दिव्याने एवढंच विचारलं, "शिंगरू वाचलां?"

"माका म्हायत नाय," मंगेश म्हणाला. "मी थांबाक नाय."

दुपारपर्यंत गोष्ट बाजारात पोचली. कासवांचा मंगेश म्हणणाऱ्यांतले काही हसले, काहींनी तोंड फिरवलं. शाल परत द्यायला तो शाळेत गेला, तेव्हा मुख्याध्यापकांनी ती घेतली आणि बसा म्हटलं नाही.

संध्याकाळी तो बंदरावर गेला. होड्या लागत होत्या. अरशद टोपल्यांत बर्फ भरून घेत होता. मंगेश म्हणाला, "तू दोनदा सांगितलंस. माका ऐकाक येय होता."

अरशदने हात पुसले. "तिसऱ्यांदा सांगूक व्हया होता," तो म्हणाला. "नाय सांगूक. माका पण तां बघूचा होता."

मग अरशदने टोपलीची एक कडी धरली, तशी दुसरी मंगेशने धरली.