चाळीस किलोला न मोडलेला पूल

मी एक जुना पूल आहे. लांबी साडेतीन फूट, रुंदी वीतभर. माझ्याखालून आजवर एकही नदी गेलेली नाही. नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कपाटावर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मोठे पूल न मोडण्यासाठी जन्माला येतात. माझा जन्म मोडण्यासाठीच झाला. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. नोकरी ती नोकरी.

१९७४ साली उमरेडच्या एका विणकराच्या घरात, हातमागाच्या शेजारी, गोविंदाने मला बांधलं. तो शेवटच्या वर्षाला होता. खेड्यातल्या नाल्यांवर बांबूचा स्वस्त पूल टाकता येईल का, हा त्याच्या संशोधनाचा विषय. म्हणून माझं अंग बांबूच्या कामट्यांचं आणि सांधे घरच्या सुताच्या गाठींचे. पूल कुठे आणि किती भाराला मोडेल हे आधी कागदावर मांडायचं, मग परीक्षकांसमोर तो तसा मोडून दाखवायचा, अशी ती परीक्षा.

आदल्या वर्षी माझा थोरला भाऊ होता. त्याला उमरेडच्या बसमध्ये एका जाड गृहस्थांनी बाक समजून वापरलं. तो नेमका किती भाराला मोडला हे सांगायला गृहस्थ थांबले नाहीत. गोविंदा नापास झाला. आणखी एक वर्ष घराला झेपणार नव्हतं. यंदा हुकलं तर पदवी नाही, पुन्हा माग.

अहवालात त्याने लिहिलं : चाळीस किलोला डावीकडची तिसरी गाठ सरकेल. मी ते पाठ केलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गोविंदा टाइप झालेला अहवाल आणायला गेला, तेव्हा त्याची आई तुळसाबाई माझ्याजवळ आली. जन्मभर सूत हाताळलेली बाई. तिने माझी तिसरी गाठ चिमटीत धरली.

“काय वं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली, “पोरगा इंजिनेर होऊन राहिला, अन् सूत पाहा कसं लोळून राहिलं! लोकं काय म्हणतील?”

मागावर चढवण्याआधी सुताला भाताची खळ लावून ताठ करतात. तिने वाटीभर खळ आणली, माझी एकूण एक गाठ माखली आणि मला उन्हात ठेवलं. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. मी ओरडणार होतो. पण मी पूल आहे.

दुसऱ्या दिवशी माझी दोन टोकं दोन टेबलांवर ठेवली गेली. बाहेरून आलेले परीक्षक मधुकरराव कूलरसमोर बसले. प्रयोगशाळेतले शिपाई देवराव माझ्या पोटाखाली टांगलेल्या पाळण्यात एकेक वजन ठेवू लागले. चाळीस झाले. मी श्वास रोखला. काहीच नाही. पन्नास. साठ. प्रयोगशाळेतली वजनं संपली.

“मोड ना बे,” गोविंदा माझ्या कानाशी पुटपुटला.

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. जीव तुटला असता, गाठ तुटेना.

“अहवालात चाळीस आहे,” मधुकरराव म्हणाले. “मग हे काय?”

गोविंदाने वाकून तिसरी गाठ हुंगली. त्याचा चेहरा उतरला. मागून त्याचा मित्र मधुसूदन कुजबुजला, “सांगून टाक, बांबू चांगला निघाला. कोण वास घ्यायले येते?”

गोविंदा सरळ उभा राहिला. मग म्हणाला, “सर, गाठींना खळ लागली आहे. आईनं लावली. मले माहीत नव्हतं. माझं गणित साध्या सुताचं आहे. हा पूल आता त्या गणितातला नाही.”

मधुकररावांनी चष्मा काढून पुसला. “मग ह्या पुलाचं गणित मांडा. फळा तिथे आहे.”

गोविंदा भराभर आकडे मांडू लागला, खडू दोनदा मोडला. मला खडूचा हेवा वाटला. गाठी सरकणार नाहीत, म्हणजे सगळा ताण कामट्यांवर. शेवटी तो वळला. “खालची मधली कामटी फाटेल. बहात्तर किलोला.”

“पण वजनं साठच आहेत.”

“मी बसतो ना साहेब,” देवराव पुढे आले. “परवाच स्टेशनच्या काट्यावर चोपन्न भरलो. तिकिटावर भाग्योदय पण लिहिला होता.”

पाळणा रिकामा केला. देवराव गुडघे हनुवटीला लावून त्यात बसले. तक्त्यात नोंद झाली : देवराव, एक नग, चोपन्न किलो. मग त्यांच्या मांडीवर वजनं चढू लागली. पासष्ट. एकोणसत्तर. गोविंदाने डोळे मिटले. सत्तर.

काड्!

खालची मधली कामटी फाटली. देवराव जमिनीवर आले. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, सगळे माझ्याकडे धावले. असा सन्मान मला पुन्हा मिळाला नाही.

“दोन किलो आधीच?” मधुकररावांनी विचारलं.

“सर, काटा परवाचा आहे,” गोविंदा म्हणाला. “आज हे डबा खाऊन आले.”

“मधुसूदनचा पण खाल्ला साहेब,” जमिनीवरून देवराव म्हणाले.

मधुकररावांनी मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. गोविंदा पास झाला.

पुढे एकदा तो तुळसाबाईला मला दाखवायला घेऊन आला. तिने चिरेवरून बोट फिरवलं. “मोडला काहून गा? आणखी एक हात खळ मारली असती मी.”

“मोडला म्हणून तर इंजिनेर झालो, माय.” तिला ते कधीच पटलं नाही.

काही वर्षं नव्या पोरांना माझं कौतुक सांगितलं जाई. मग कपाट आलं, धूळ आली, कबुतरं आली. परवा एक भला माणूस डिंकाची बाटली घेऊन स्टुलावर चढला आणि “बिचारा!” म्हणाला. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. माझी धूळ पुसा, कबुतरं हाकला. पण हात जोडून सांगतो, माझी चीर बुजवू नका. मी दुरुस्त झालो, तर गोविंदा पुन्हा नापास होईल.