वारा माझा, नाव मशीनचं

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे. माझं वय विचारू नका, पात्यांवरचा गंज बघा आणि काय ते समजा. माझ्या जाळीचा स्क्रू ढिला आहे, म्हणून मी खडखडतो. आमचा मालक वायरमन. गावभराचे पंखे दुरुस्त करतो आणि घरी माझी ही गत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्याच्या मुलीच्या उशाशी मी रात्रभर राबतो. तिची आई वारली, तेव्हापासून आईचं शिलाई मशीन कोपऱ्यात बसून आहे. त्याला काडीचं काम नाही. तरी मुलगी सकाळी उठून म्हणायची, "बाबा, आज आई स्वप्नात माझा फ्रॉक शिवत होती. मशीनचा आवाजसुद्धा येत होता."

मशीनचा कसला डोंबलाचा आवाज? तो माझा होता. पण बाप लगेच फडकं घेऊन मशीन पुसायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका रविवारी बापाला सवड झाली. त्यानं मला खोललं, तेल घातलं, स्क्रू आवळला. मी असा फिरू लागलो, की माझा आवाज मलाच येईना. "वा, नवा झाला की," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिलं कौतुक. मी मशीनकडे ऐटीत मान वळवली.

त्यानंतर मुलगी स्वप्नं सांगेनाशी झाली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एक दिवस ती बापाला बिलगून रडली. "आई आता येतच नाही. मला ती नीट आठवतसुद्धा नाही."

आत्या नर्स आहे. ती त्या दिवशी घरी आली होती. म्हणाली, "दादा, झोपेतही कान ऐकत असतात. मेंदू त्या आवाजाला जुनी आठवण जोडतो. या पंख्याची खटखटच तिला मशीनची वाटत असणार."

बाप तसाच उठला. त्यानं पेचकस आणला आणि आवळलेला स्क्रू पुन्हा ढिला केला.

दुसऱ्या दिवशी मुलगी हसत उठली. "बाबा, आई आली होती." बापानं फडकं घेतलं आणि पुसलं कोणाला? मशीनला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना वेळेवर तेल घाला. मला तेवढं घालू नका. मशीनवर मी अजूनही जळतो. जळतो आणि खडखडतो. मीच गप्प बसलो, तर त्या पोरीची आई यायची कशी?