उजव्या हाताचा दाब

“एकशेवीस-ऐंशी. झकास आहे बघ.”

फोनवर स्वतःचं बीपी सांगणारा बाबांचा तो आवाज. त्याच आठवड्यात बाबा गेले, त्याला वर्षं लोटली. आज लॅबमध्ये सासूबाईंच्या मानेवर सोनोग्राफीचं जेल लावताना तो पुन्हा अक्षताच्या कानात उमटला.

“गार लागता गो,” सोनूबाई म्हणाल्या. “माका काय जालेला नाय. उगाच आणलंस अंधेरीक.”

“आमच्या चाचणीला धडधाकट माणसंच हवीत, आई. आता बोलू नका. आवंढाही गिळू नका.”

“बघा. सुनेन सासूक गप केल्यान.”

पडद्यावर मानेतली धमनी फुगत होती, ओसरत होती. त्या फुगण्यावरून, तिच्यातून धावणाऱ्या लाटेच्या वेगावरून, थेट हृदयाच्या तोंडाशी रक्ताचा दाब किती असेल हे सुई न टोचता सांगणारं संगणकी मॉडेल अक्षता आणि तिचा लॅबमधला सहकारी सर्वेश यांनी बांधलं होतं. सोनूबाईंच्या डाव्या दंडावरचा पट्टा एकशेवीस म्हणाला. मॉडेल म्हणालं, एकशे ऐंशी.

“गंडलंय यार,” सर्वेश हळूच म्हणाला. “काढून टाक हा आकडा. गाइड सरांसमोर वाट लागेल.”

अक्षतानं पुन्हा मोजलं. आकडा हलेना. एक तर दोघांची सगळी मेहनत खोटी, नाहीतर आईंचा दंड खोटं बोलत होता.

“आई, उजवा हात द्या बरं.”

“कित्याक? डॉक्टर कायम डावोच घेतत.”

“ते घेतात, की तुम्ही देता?”

सोनूबाईंनी उजव्या बाहीचं टोक मुठीत धरलं. ते पाहून सर्वेश चहाचं निमित्त काढून बाहेर गेला. मग कुठे बाही वर सरकली. दंडावर कडा विरलेलं, निळसर गोंदण होतं. शेवंती.

घरात या नावाचं कुणीच नव्हतं. त्या अक्षरांवर अक्षतानं अलगद पट्टा गुंडाळला. हवा भरली, सुटली. एकशे नव्वद. मॉडेल गंडलं नव्हतं.

म्हणजे डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनीच कुठेतरी अरुंद झाली असणार. आणि त्या हाताच्या भरवशावर सगळं घर निर्धास्त झोपत होतं.

“आज इथूनच डॉक्टरांकडे जायचं, आई,” म्हणत तिनं नवऱ्याला, नितेशला, फोन लावायला मोबाइल उचलला.

“माझ्या दाबाचा सांग त्येका. ह्या नावाचा नको.”

पट्टा सुटला होता, तरी सोनूबाईंनी बाही खाली ओढली नाही.

“नितेशच्या आधीचा माझा चेडू, माझी पयली लेक. बारशापर्यंत रवला नाय गो. मगे नाव माझ्याच हातार गोंदून घेतलंय.”