रनाळ्याच्या वर्गातली दहावी बाई

धनुबाईच्या निर्मलाचं लग्न झालं ते १९३९ साल. वैशाखात लेक खांडबाऱ्याला नांदायला गेली आणि आषाढात माय पाटी घेऊन शिकायला बसली. रनाळ्याच्या लोकांना हसायला एवढं पुरेसं होतं.

"तुन्हा डोकामा मिरची भरेल शे," नवरा छगन म्हणायचा, "अक्षरं कथाईन शिरतीन?"

"तुन्हं डोकं ते रिकामं शे ना? मंग त्यामा का बरं नही शिरनात?" धनुबाई म्हणायची, आणि पाटी पदराखाली धरून निघायची.

वर्ग दुपारचा, चावडीच्या मागच्या ओसरीत भरे. शिकवायला रशिदा. तिचा नवरा रमजान गावात शिवणकाम करायचा. रशिदा नंदुरबारची, मराठी सातवी पास, वय पंचवीस-सव्वीस. शिकवताना मास्तरीण आणि पाटी ठेवली की बायांना मावशी म्हणणारी पोर.

पहिल्या दिवशी तिनं हजेरीचं पुस्तक उघडलं आणि हाक मारली, "धनुबाई!"

धनुबाईनं मागं वळून पाहिलं, कोणाला हाक मारली म्हणून. गावात ती छगनची बायको, निर्मलाची माय, आणि सासू होती तोवर नुसती 'वं', म्हणजे 'अगं'. पंचेचाळीस वर्षांच्या वयात तिला तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. शेजारच्या सुंदरबाईनं कोपर मारलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. "हजर," ती म्हणाली, आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाली की चावडीतला पाटील डोकावून गेला. त्या दिवसापासून तिनं एक दुपार चुकवली नाही.

पंधरा बायांची नावं होती. कापूस वेचणीला आला तशा पाच गळल्या. दहा राहिल्या. आणि मार्गशीर्ष लागता लागता शिक्षणखात्याचं पत्र आलं. रशिदानं ते वाचून दाखवलं. शाळा तपासणारे साहेब, ज्यांना गावोगाव दिपोटी म्हणत, ते येत्या बुधवारी परीक्षा घेणार. दहा बाया पास झाल्या तर वर्ग पुढं चालेल. एक जरी कमी पडली तर वर्ग बंद, आणि फळा, पाट्या, पुस्तकं सगळं परत.

"म्हणजे नऊ पास झाल्या तरी बंद?" धनुबाईनं विचारलं.

"नऊ म्हणजे बंद, मावशी."

धनुबाईचीच गाडी सगळ्यांत मागं होती. अक्षर तिला ओळखू यायचं, शब्दही लागायचा, पण तो डोळ्यांतून तोंडाशी येईपर्यंत त्याचं रूप बदलायचं. पुस्तकात 'आहे' असे, आणि तिच्या तोंडून 'शे' निघे. आमच्याकडे 'आहे' शाळेत आणि कचेरीत राहतो, घरात 'शे'च असतो. बाकीच्या बाया एकेक अक्षर सुटं करून, मा, झी, आ, ई असं म्हणत जात. काय वाचलं ते त्यांना विचारायचं नाही, तोंडातून अक्षरं बरोबर पडायची. धनुबाईला तसं जमत नसे. ओळ समजली की ती थेट सांगूनच टाकायची.

"मावशी, 'आहे' म्हणा ना," रशिदा हात जोडायची.

"म्हनस ना. आहे, आहे, आहे." आणि पुढच्याच ओळीला, "शे."

चार दिवस ती मिरचीची देठं खुडताना, भाकरी थापताना 'आहे' घोकत राहिली. छगननं बैलांना पाणी पाजलं का विचारलं तर म्हणाली, "पाजलं आहे." छगन घाबरून शेजाऱ्याला म्हणाला, "हाई काय बोली ऱ्हायनी? हिले ताप ते नही?"

बुधवार उजाडला. ओसरी सारवली, फळा पुसला. चावडीपुढच्या अंगणात गावभरची मिरची वाळत पडलेली होती, सगळीकडे लालच लाल. साडेअकराला नंदुरबारहून टांगा आला. साहेब उतरले, दोन पावलं चालले आणि शिंकायला लागले. सात शिंका झाल्या. सुंदरबाईनं त्या मोजल्या.

"सातवी पास शेतस सायेब," ती हळूच म्हणाली. दहाही बाया पदर तोंडात कोंबून बसल्या. भीती निम्मी तिथंच पळाली.

साहेब उंच, चष्मा लावलेले, पुण्याकडचे. माणूस कडक पण तिरसट नव्हता. खुर्चीवर बसून त्यांनी आधी चार शब्द सांगितले. दिल्लीला शिक्षणाचं एक केंद्रीय सल्लागार मंडळ आहे. ते १९२० साली पहिल्यांदा स्थापन झालं, दोन-तीन वर्षं चाललं, मग काटकसर करायची म्हणून सरकारनं मोडून टाकलं. बारा वर्षांनी, १९३५ साली, ते पुन्हा उभं केलं. आता ते मंडळ मोठ्या माणसांच्या शिक्षणाचाही विचार करू लागलं आहे.

"म्हंजे मंडय मरीसन जित्तं व्हयनं?" सुंदरबाईनं विचारलं.

साहेबांना ते कळलं नाही. रशिदानं सांगितलं तेव्हा ते हसले. "असंच म्हणा बाई. आणि तुमचा वर्ग जिता ठेवायचा की नाही, ते आज तुम्हीच ठरवायचं."

परीक्षा सुरू झाली. साहेब छापील तक्ता पुढं करत. त्यावर लिहिलेलं होतं: माझी आई शेतात आहे. ती कापूस वेचीत आहे. पहिल्या बाईनं वाचलं, पास. दुसरी पास. सुंदरबाई 'वेचीत'ला अडली, पण निघाली. एकेक नाव लागत गेलं तसतशी रशिदा ओढणी हाताला गुंडाळत गेली. सात, आठ, नऊ.

"धनुबाई!"

"हजर!"

तक्ता पुढं आला. धनुबाईनं पाहिलं. सगळं लख्ख दिसत होतं. शेतात उभी आई दिसत होती, तिची ओटी कापसानं फुगलेली. धनुबाईचा जीव हरखून गेला, आणि ती घडाघडा म्हणाली, "मन्ही माय वावरमा शे. ती कापूस येची ऱ्हायनी."

"वावर?" साहेब तक्त्याकडे वाकले. "इथं वावर कुठं लिहिलंय? ह्या बाई वाचत नाहीत. बाकीच्यांचं ऐकून ऐकून पाठ म्हणताहेत."

"नाही साहेब," रशिदा पुढं झाली, "त्या वाचतात. वाचतानाच आपल्या बोलीत नेतात."

"छापलंय ते वाचलं पाहिजे ना, बाई? मी कशावरून धरू त्यांना वाचता येतं म्हणून?"

"त्यांना न ऐकलेलं काही द्या. तुम्हीच लिहा."

साहेबांनी धनुबाईचीच पाटी घेतली. ती तिनं मिरचीच्या बोटांनी पुसलेली होती, हे साहेबांना काय ठाऊक? लिहायला काही सुचेना म्हणून त्यांनी बाहेर पाहिलं, डोळा चोळला, आणि चोळताच त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून धारा लागल्या. रुमाल एका हातात धरून त्यांनी दुसऱ्या हातानं एक ओळ लिहिली आणि पाटी पुढं केली.

धनुबाईनं पाटीकडे पाहिलं. ओठ हलले. रशिदा मनात म्हणत होती, आहे म्हण, माझी माय, एकदा आहे म्हण. धनुबाईनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि उठून तरातरा अंगणात निघून गेली.

"अहो बाई! कुठं चाललात? परीक्षा संपली नाही!"

धनुबाईनं विहिरीवरची बादली उचलली, पाणी शेंदलं, आणि टांग्याच्या घोड्यापुढं नेऊन ठेवली. घोड्यानं तोंड बुडवलं ते वर काढीना. टांगेवाला लिंबाखाली घोरत होता. धनुबाईनं त्याला हलवलं. "मुका जनावरले ऊनमा उभं कये अनि सोता सावलीमा झोपना? लाज शे का?"

रशिदानं पाटी उचलली आणि मोठ्यानं वाचली: "घोडा तहानला आहे."

मग सुंदरबाईनं टाळी वाजवली, आणि ओसरीत एकच कल्ला उठला. साहेब रुमालानं डोळे पुसत होते. मिरचीनं की हसण्यानं, कळत नव्हतं. दोनदा बोलायला गेले आणि दोनदा हसू आलं.

धनुबाई हात पुसत परत आली. तिला वाटलं, गेलं सगळं. "सायेब, मी वाचस ना," ती काकुळतीनं म्हणाली, "पन घोडाले तीस लागेल शे म्हनीसन लिखेल व्हतं. आधी त्याले पानी देऊ का आधी वाचू?"

साहेबांनी आपला छापील कागद उलगडला. त्यात एक रकाना होता: वाचलेले समजते काय? वरच्या नऊ नावांपुढं तो कोराच राहिला होता, कारण कुणाला तसं विचारलंच नव्हतं. दहाव्या नावापुढं त्यांनी लिहिलं, 'पूर्ण समजते.' आणि सही केली.

"दहा?" रशिदानं विचारलं.

"दहा," साहेब म्हणाले. "वर्ग चालू ठेवा. आणि ह्या नऊ जणींना समजून वाचायला शिकवा."

मग काय विचारता! बायांनी रशिदाला उचलायचंच बाकी ठेवलं. छगन मिरचीच्या कडेनं धावत आला, काय झालं म्हणून. धनुबाई त्याच्याकडे पाहून म्हणाली, "पास झाले आहे." एवढं शुद्ध बोलून तिचं तिलाच हसू आलं.

वर्ग आणखी जवळजवळ पाच वर्षं चालला. सदतीस बाया तिथं वाचायला शिकल्या. रशिदा १९४४ सालच्या भाद्रपदात हिवतापानं वारली, आणि त्यानंतर वर्ग भरला नाही. धनुबाई १९४९ सालच्या माघात, रनाळ्यालाच, वारली.