घरी आणलेलं प्रस्थान

सत्तावन्न साली सुएझ बंद होता, युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. तेवढ्यात आफ्रिकेजवळच्या बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावातल्या ऊसमळ्याच्या फ्रेंच मालकानं, सगळे त्याला मुस्ये म्हणत, वाटेवरच्या मदेरा बेटाचा बेत आखला. आगीच्या डोंगरावरची द्राक्षं, तिथली वाईन, तिथली मासळी! पदार्थ शिकायला स्वयंपाकी गोपाळ बरोबर हवाच.

जहाज बुधवारचं. मुहूर्त रविवारचा, म्हणून प्रवास तेव्हाच सुरू झाला असं मानायला गोपाळच्या बायकोनं, सुनयनानं, त्याचं प्रस्थान शेजारच्या भगवतीकाकूंकडे नेऊन ठेवलं: पंचा, सुपारी, मूठभर तांदूळ. हे गाठोडं निघण्याआधी घरात परत आलं तर माणूस परतत नाही, असं तिच्या आईनं बजावलेलं.

मंगळवारी ती कीर्तनाहून अभंग गुणगुणत आली, तर गाठोडं चुलीपाशी सोडलेलं, आणि गोपाळ त्या पंच्यानं तोंड पुसतोय.

"अहो, हे कुणी आणलं?"

"मीच. दुसरा पंचा ओला होता."

तिच्या हातातला प्रसाद सांडला. "जाऊ नका. तो डोंगर आगीचा आहे."

"निजलाय गं तो. मुस्येनं पुस्तकात वाचलंय."

"निजलेल्याला जाग येते. जहाज चुकवा, मी ऊस तोडीन."

"आणि मी घरी बसून भाकऱ्या थापू?" तो हसला, पण पंचा त्यानं हळूच खाली ठेवला.

सकाळी मुस्येची मोटार दारात आली. सुनयनानं गोपाळला ओवाळलं. निघताना तो नेहमी एकदाच "येतो" म्हणे. आज तीनदा म्हणाला.