जांभळाच्या मांडणीचा कौल

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. आष्ट्याच्या एस.टी. स्टँडमागे अंजनाताईंचं पुस्तकं भाड्याने देण्याचं दुकान आहे, तिथे भिंतीला टेकून मी उभी असते. माझ्या फळ्यांवर जपानी चित्रकथा आहेत. त्यांना मांगा म्हणतात आणि त्यांच्यावरून काढलेल्या मालिकांना ॲनिमे, हे मी तुम्हाला कशाला सांगू? तुमचा निम्मा दिवस त्यातच जातो.

माझा जन्म मात्र शिराळ्याकडच्या एका वाडीतला. तिथे देवळासमोर मी जांभळाचं झाड होते. लोक देवाला कौल लावायचे. पुजारी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायचा आणि समोरचा माणूस मनात प्रश्न धरायचा. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कुणी मोठ्याने विचारत नसे, तरी मला सगळं ऐकू यायचं. आजारपणं, अडलेली लग्नं, हरवलेली मेंढरं. ऐकून ऐकून ते माझ्या खोडात मुरलं.

एका वादळात मी आडवी झाले. अंजनाताईंचे वडील तानाजी सुतार माझं खोड न्यायला आले, तेव्हा वाडीतल्या हरणाबाईंनी त्यांना अडवलं.

"देवाच्या दारातलं लाकूड हाय, तानाजी. घरात न्हेऊ नगंस. त्येला लोकांच्या मनातलं ऐकायची सवय लागलीया."

"ऐकंना का बापडं," तानाजी हसले. "आवं मावशी, पोरीच्या दुकानाला फळ्या पायजेत."

त्यांनी मला कापलं, रंधा मारला, तेलपाणी केलं. मी देखणी झाले.

सुरुवातीला पुस्तकं अंजनाताई स्वतः सुचवायच्या. पोरं यायची, "ताई, ती तलवारवाली मालिका संपली. तसलंच दुसरं द्या की." त्या लगेच देत नसत. "त्यात काय आवडलं रं तुला?" असं आधी विचारायच्या. एकाला मारामारी आवडलेली असायची, दुसऱ्याला त्याच मालिकेतली दोस्ती, आणि एखादीला नुसतं त्या सगळ्यांचं एकत्र बसून जेवणं. मग तिघांना तीन निराळी पुस्तकं मिळायची.

पुढे माझं सुरू झालं. कुणी माझ्यावर हात ठेवून "असंच अजून" म्हटलं, की त्याच्या उजव्या हाताचं एखादं पुस्तक आपोआप पुढे सरकायचं आणि खाली पडायचं. मी काही ठरवत नसे. हात लागला की आतलं जुनं काहीतरी जागं व्हायचं. आणि ते पुस्तक त्या पोराला असं काही आवडायचं की पठ्ठ्या जेवणखाण विसरायचा. बघता बघता माझं नाव झालं. पार फलटणहून पोरं आली. तुमचा मोबाइलही सुचवतो, पण तुम्ही काय पाहिलं एवढंच त्याला कळतं. मला मन कळायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता. अंजनाताईंनी मात्र पोरांना विचारणं सोडून दिलं. माझं बरोबरच निघतंय म्हटल्यावर त्या तरी कशाला विचारतील?

मग स्वप्नाली वरचेवर येऊ लागली. दहावीतली पोर, दोन वेण्या, बोलणं जेमतेम. तिची धाकटी बहीण रेश्मा उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीत पाय घसरून गेली होती, हे सगळ्या आष्ट्याला ठाऊक होतं. स्वप्नालीने त्याआधीच नेलेली एक मांगा परत आणली. त्यात एक मुलगी तळ्याकाठी बसून आपल्या मेलेल्या बहिणीशी बोलते. "अशीच अजून," ती म्हणाली, आणि मी दिली. दुसरीत तळ्याऐवजी नदी होती. तिसरीत नदीऐवजी विहीर आली. प्रत्येक गोष्ट तिच्या घराच्या थोडी जवळ सरकत होती. ती शाळेला जाईनाशी झाली. तिची आई एकदा सांगून गेली, "पोरगी हिरीच्या काठाला थारोळ्याच्या दगडावर बसून वाचती, ताई. हाक मारली तर वळून बगत न्हाई." अंजनाताईंना वाटलं, वाचतेय तर वाचू दे, दुःख हलकं होईल.

एके दुपारी माझ्या खालच्या फळीवर मला एक नवं पुस्तक जाणवलं. ते अंजनाताईंनी आणलेलं नव्हतं. त्याला नाव नव्हतं, किंमत नव्हती. मुखपृष्ठावर विहीर होती, मोटेचं पाणी ओतायचं दगडी थारोळं होतं आणि त्यावर पाठमोरी बसलेली दोन वेण्यांची मुलगी होती. पुस्तक ओलं होतं. माझ्या लाकडाला त्याची ओल लागत होती. मित्रांनो, मी झाड होते तेव्हाही मला पाण्याची कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

तेवढ्यात स्वप्नाली आली. वीज गेलेली, बाहेर रणरणतं ऊन, अंजनाताई शेजारच्या शिलाईच्या दुकानात. तिने दोन्ही हात माझ्यावर ठेवले.

"सगळ्यात सारखं आसंल ते दे," ती हळूच म्हणाली. "मग परत मागायची न्हाई."

ते पुस्तक सरकू लागलं. आतून कुणीतरी ते ढकलत होतं. मी सगळं बळ एकवटलं आणि फळी आवळली. आयुष्यात पहिल्यांदाच मी नाही म्हणत होते. कडाड्कन आवाज झाला, फळी उभी तडकली, आणि पुस्तक त्या चिरेत निम्मं अडकून राहिलं.

अंजनाताई धावत आल्या. ते पुस्तक त्यांना दिसलं की नाही, मला माहीत नाही. पण पोरीचा चेहरा त्यांना दिसला. त्यांनी तिचे हात माझ्यावरून सोडवून आपल्या हातात घेतले.

"स्वप्नाली, त्या पहिल्या गोष्टीत काय आवडलं गं तुला?"

ती मग म्हणाली, "तिची भन बोलती तिच्यासंगं. आमची रेश्मा बोलतच न्हाई."

"तुला काय सांगायचंय तिला?"

"पानी आनायची बारी माझी हुती, ताई. मी ते तळ्याचंच पुस्तक वाचत हुते. म्हटलं, रेश्मे, आजच्या दिस तू जा." तिला हुंदका फुटला. "आईला ठावं न्हाई."

अंजनाताईंनी शटर ओढलं आणि तिला गाडीवर मागे बसवून थेट तिच्या आईकडे नेलं. तिथे काय झालं ते मला कळलं नाही, मी जागची हलू शकत नाही. पण नंतर एकदा दोघी मायलेकी दुकानात आल्या. आईचे डोळे सुजलेले होते. माझ्यासमोर फरशीवर बसून तिने तळ्याकाठची ती पहिली मांगा मांडीवर घेतली आणि म्हणाली, "ह्ये उजवीकडनं सुरू करायचं व्हय? दाव बरं. दोघी मिळून वाचू." स्वप्नाली आता शाळेला जाते.

ते पुस्तक मात्र अजून माझ्या चिरेत आहे. कुणी पोर माझ्यापुढे उभं राहून "अगदी असंच पायजे" म्हणालं, की ते बोटभर पुढे येतं. माझी तडकलेली फळी त्याला कशीबशी धरून ठेवते. आज तानाजी आले होते. चिरेवरून हात फिरवून हळहळले, "लय वंगाळ दिसतंय. उद्या नवी फळी बसवतो."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला दुरुस्त करा, आमची निगा राखा. माझी विनवणी उलटी आहे. कुणीतरी तानाजींना सांगा, माझी फळी बदलू नका. आणि तुमच्यातलं कुणी तेच ते मागत राहिलं, तर त्याला माझ्याकडे पाठवू नका. शेजारी बसा आणि त्याला विचारा.