सकाळच्या हिरव्या पेशी

मावशीच्या घरात वस्तू हरवायचं काम भाचीकडे आणि शोधायचं मावशीकडे, ही वाटणी फार जुनी. कंपासपेटी, एक मोजा, चष्मा. भाची घर डोक्यावर घ्यायची, मग रडायची, आणि मावशी उशीखालून चष्मा काढत म्हणायची, "काखेत कळसा!" हीच धांदरट पोरगी पुढे रक्तातून कर्करोगाच्या पेशी शोधायला लागली, तेव्हा मावशीला हसू आवरेना.

आता रक्त मावशीचंच होतं. उपचार संपले होते. एखादी पेशी मागे राहून रक्तातून हिंडते आहे का, एवढंच पाहायचं होतं. एवढंच, हे म्हणायला सोपं. आईच्या माघारी जिने वाढवलं तिच्या रक्ताची नळी हातात धरताना भाचीने वरचं नाव तीनदा वाचलं.

काम चालायचं नखाएवढ्या पारदर्शक चिपवर. तिच्यात केसासारखी बारीक वाट गोल गोल फिरते. रक्त वेगाने सोडलं की मोठ्या कर्कपेशी आतल्या कडेने जातात, बाकीच्या बाहेरून, आणि टोकाला त्यांचे रस्ते वेगळे होतात. पण या चिपा मोठ्या लहरी, एक बुडबुडा शिरला की रुसून बसतात. म्हणून रोज सकाळी हिरव्या रंगवलेल्या कर्कपेशी सोडून नमुन्यादाखल एक चिप तपासायची आणि मग फेकून द्यायची, असा नियम होता. आजची मात्र इतकी गुणी निघाली की भाचीला ती टाकवेना. मावशीसाठी पारखलेलीच हवी, म्हणून तिने ती धू धू धुतली आणि मावशीचं रक्त तिच्यातूनच सोडलं. प्रेम आंधळं असतं, कबूल. पण प्रयोगशाळेत तरी त्याने चष्मा लावावा!

सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके चमकले. भाचीच्या पायाखालची जमीन सरकली. कसाबसा हात पुढच्या कामासाठी, म्हणजे कर्कपेशी हिरव्या दिसाव्यात म्हणून घालायच्या रंगाच्या बाटलीकडे गेला आणि थबकला. बाटलीचं सील शाबूत होतं. मावशीच्या रक्तात अजून रंग घातलाच नव्हता, मग हिरवं आलं कुठून? या तर सकाळच्याच पेशी, धुऊनही चिपमध्ये दडून बसलेल्या.

जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. नळीतलं रक्त संपलं होतं, आणि उपचारांनंतर मावशीची शीर सापडता सापडत नसे.

मावशी बाहेर बाकावर बसली होती.

"चुकलं गं माझं. पुन्हा रक्त द्यावं लागेल."

मावशीने बाही वर केली. "घे की. तू हरवणार हे धरूनच थोडं जास्तीचं ठेवलंय."

नवी चिप घेतली, या वेळी रंगही घातला. भाचीने या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिलं, डोळे पुसून पुन्हा पाहिलं, आणि बाहेर आली ती हुंदके देतच.

मावशीचा चेहरा उतरला. "सापडली?"

"नाही. या रक्तात एकही नाही."

मावशीने रुमाल काढला.

"लहानपणापासून तेच हिचं. काही सापडलं नाही की भोकाड!"

म्हणाली खरी, पण रुमाल आधी स्वतःच्याच डोळ्यांना लावला.